‘इशिन’ : एका शब्दाचा इतिहास

३ जानेवारी १८६८ रोजी क्योतोच्या राजवाड्यातून एक घोषणा झाली. १६०३ पासून राज्यकारभार हाती ठेवणाऱ्या तोकुगावा शोगुनांची सत्ता संपली. घोषणेतील शब्द होते ‘ओसेइ फुक्को’, म्हणजे राजसत्तेचे पुनरागमन. वस्तुतः आले ते नवेच युग. १८७१ मध्ये सरंजामी संस्थाने खालसा झाली, १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आली आणि १८७६ मध्ये सामुराईंच्या कमरेची तलवार गेली.

एवढ्या उलथापालथीला क्रांती का म्हटले गेले नाही? क्रांतिवाचक ‘काकुमेइ’ हा शब्द मूळचा चिनी. राजा अधर्माने वागला, तर स्वर्ग आपला आदेश काढून घेऊन तो दुसऱ्या घराण्यास देतो, हा त्याचा मूळ अर्थ. जपानचे राजघराणे तर अखंड मानलेले. सम्राटाच्याच नावाने लढणाऱ्यांना हा शब्द कसा मानवावा? म्हणून रूढ झाला तो ‘इशिन’. ‘शिजिंग’ या प्राचीन चिनी काव्यसंग्रहातून आलेल्या या शब्दात जुन्या राज्याला नवे तेज लाभल्याचा ध्वनी आहे. इंग्रजीत त्या घटनेला ‘रिस्टोरेशन’ म्हणतात. त्यात पुनःस्थापना आहे, नावीन्य नाही. सामान्य जनांच्या तोंडी मात्र ‘गो-इश्शिन’ हा शब्द होता : सारेच नवे!

पण हे नावीन्य देणार कोण? ‘जियू’ म्हणजे स्वातंत्र्य. या शब्दाला पूर्वी मनमानीचा वास येई. १८७२ मध्ये नाकामुरा मासानाओ यांनी मिलच्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथाचे भाषांतर केले आणि त्या शब्दास प्रतिष्ठा लाभली. पुढे लोकहक्कांच्या चळवळीने तो आपल्या नावातच धारण केला. तथापि १८८९ ची राज्यघटना सम्राटाची देणगी म्हणूनच आली आणि तीत जनता होती ‘शिन्मिन’, म्हणजे प्रजा.

बदल वरून यावयाचा, या समजुतीची किंमत पुढे मोजावी लागली. २६ फेब्रुवारी १९३६ रोजी तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी ‘शोवा इशिन’चा घोष करीत तोक्योत बंड केले आणि अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांच्यासह अनेकांचे प्राण घेतले. तेही सम्राटाच्याच नावाने! बंड मोडले, पण लष्कराचे वर्चस्व वाढतच गेले.

१९४७ मध्ये अंमलात आलेल्या घटनेत सार्वभौमत्व ‘कोकुमिन’कडे, म्हणजे राष्ट्रातील जनतेकडे आले. ‘इशिन’ने राज्य नवे केले होते; प्रजेचे नागरिक होण्यास आणखी जवळजवळ ८० वर्षे आणि एक महायुद्ध लागले.