घाशीराम, नाना आणि खोपोलीचे तळे

खालापूर तालुक्यात, बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेले तळे आहे. या नानांच्याच अब्रूवरून पुण्यात वाद पेटला. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी रंगभूमीवर आले आणि नानांची, ब्राह्मणांची बदनामी झाली अशी ओरड झाली. १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवले. हे इतिहासाचे नाटक नव्हे, सत्ता आपले घाशीराम कसे घडवते आणि बळी देते याचे आहे, असे समर्थकांचे म्हणणे. १९७६ साली, ऐन आणीबाणीत, त्यावर चित्रपट निघाला. तेव्हा या म्हणण्याला वेगळीच धार आली.

पण घाशीराम ब्राह्मण, नाना ब्राह्मण, १७९१ साली कोठडीत गुदमरून मेलेलेही ब्राह्मण! नाटक, चित्रपट आणि दोन्हींवरचा वाद पेशवाईचा न्याय एवढ्यापुरताच तपासतो. वेशीबाहेरच्यांची पेशवाई मुक्ता साळवे या मांग मुलीने १८५५ सालीच मांडली होती. तिला या वादात कुणी साक्षीला बोलावले नाही.

खोपोली ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात महाड. तिथे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे कुणी बांधले, एवढ्यावर इतिहास संपत नाही. पाणी कुणाला नाकारले, हेही विचारावे लागते. ‘घाशीराम’लाही हाच प्रश्न विचारला पाहिजे.