तळटिपेतला विंचू

'विंचू उतरवणे' हा शब्दप्रयोग शिंदखेड्याच्या परिसरात अजून जिवंत आहे. दगडी बांध, सरपणाचा ढीग, कडब्याची गंजी यांच्याशी रोजचा संबंध असणाऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. एकनाथांच्या भारुडात विंचू रूपक होऊन आला आणि आपण वाङ्मयाचे अध्यापक त्या रूपकाचेच विवरण करीत राहिलो. खरा विंचू माणूस मारतो, हे त्या तासाला बहुधा राहून जाते.

लाल विंचवाच्या विषाने शरीरातील चेतातंतू अनावर उत्तेजित होतात. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब, मग थकलेले हृदय आणि फुप्फुसात साचणारे पाणी, असा तो क्रम. १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हा क्रम रुग्णांच्या उशाशी बसून टिपला. यातील फुप्फुसाच्या सुजेविषयी पी. एम. मुंडले यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९६१ सालीच लिहिले होते. बावस्करांनी त्याआधीची लक्षणे हेरली. हृदय कोलमडण्याची चाहूल कशी ओळखावी, हे सांगणारा त्यांचा निबंध १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, लेखक एकटेच. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिनविषयीचे टिपण आले, त्यावर पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचेही नाव आहे. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. विषाने उसळलेली प्रक्रिया जिथे रक्तवाहिन्या आवळते, नेमके तिथेच ती आडवी येते.

आता या लेखनाचे मोल कसे मोजावे? युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये संदर्भसूचीची कल्पना मांडली, १९६४ मध्ये ती ग्रंथरूपाने अवतरली आणि कोणी कोणाचा उल्लेख केला हे मोजता येऊ लागले. वस्तुतः हे वाचकाच्या सोयीचे साधन होते. पुढे ते लेखकाला जोखण्याचे झाले. २००५ मध्ये हिर्श यांनी विद्वानाची सारी कारकीर्द एका आकड्यात बसवली. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने गुणांकनाची पद्धत आणली आणि आम्ही मराठीचे प्राध्यापकही निबंधांचे गुण जुळवू लागलो. कोणी न वाचलेल्या अंकात कोणी न वाचायचा लेख छापून घेण्याची कला तेव्हा बहरली. (प्रस्तुत लेखक त्यातून सुटला आहे, असा दावा नाही.)

उल्लेख तेच करतात, ज्यांना त्या विषयाचे काही देणे असते. विंचूदंशाचे संशोधक भारत, उत्तर आफ्रिका, मध्यपूर्व, मेक्सिको, ब्राझील इथले. शिपो आणि गोयफॉन यांनी २००८ मध्ये जगातील वार्षिक दंश बारा लाखांहून अधिक व मृत्यू सव्वातीन हजारांवर असल्याचा अंदाज दिला. बळी पडणारा बहुधा शेतात किंवा झोपडीत असतो आणि त्याच्यावर लिहिणाऱ्यांचे वर्तुळ लहानच राहते. हृदयविकारावरील सुमार निबंधालाही त्याहून अधिक उल्लेख मिळू शकतात. आकड्यातला हा फरक निबंधाच्या गुणवत्तेचा नसून रोग्याच्या ऐपतीचा आहे, असे मला वाटते. शिवाय उपचार एकदा पाठ्यपुस्तकात शिरला की मूळ निबंधाचा उल्लेखच थांबतो. प्राझोसिनची गोळी देणारा तालुक्याचा डॉक्टर तळटीप लिहीत नाही.

बावस्कर मात्र तिथे थांबले नाहीत, आणि हा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने महाडच्या ७० रुग्णांवरील चाचणी छापली. निम्म्यांना केवळ प्राझोसिन, निम्म्यांना त्यासोबत विंचूप्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ३५ पैकी ८, दुसऱ्यात ३५ पैकी ३२. ज्या गोळीने नाव दिले, ती एकटी पुरेशी नाही, हे त्यांनी स्वतःच सिद्ध केले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांचे 'बॅरिस्टरचं कार्टं' हे मराठी आत्मकथन कोणत्याही संदर्भसूचीत मोजले जात नाही. आमच्या ग्रंथालयात ते 'चरित्र' विभागात आहे. पाठीमागची पावती पाहिली, तर ते नेणाऱ्यांत साहित्याच्या विद्यार्थ्यांपेक्षा विज्ञानशाखेची मुले अधिक.