चांदीचे नाणे आणि मेटल डिटेक्टरचा आकडा

मुंबई, प्रतिनिधी

मॉलच्या दारातील वा रेल्वे स्थानकावरील मेटल डिटेक्टर मुंबईकरांच्या परिचयाचा आहे. जमिनीतील धातू शोधणारे हातातील यंत्रही त्याच तत्त्वावर चालते. मात्र ते केवळ आवाज करून थांबत नाही. सापडलेला धातू कोणता असावा, याचा अंदाज पडद्यावर आकड्याने दाखविते. या आकड्यावरून चांदीचे नाणे ओळखता येते काय, याचे उत्तर 'काही अंशी' असे आहे.

आकडा कसा ठरतो?

यंत्राच्या कॉइलमधून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते. त्यामुळे धातूत क्षणिक विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे क्षेत्र काहीशा विलंबाने कॉइलकडे परत येते. या विलंबाचे रूपांतर आकड्यात केले जाते. अनेक यंत्रांत ही पट्टी ० ते ९९ अशी असते. तळाला लोखंड, मध्यावर पातळ पत्रा व निकेलमिश्रित नाणी आणि वरच्या टोकाला तांबे व चांदी. सर्व धातूंत चांदी सर्वाधिक विद्युतवाहक असल्याने तिला हे स्थान मिळते. पट्टी प्रत्येक कंपनीची निराळी असल्याने एका यंत्रावरचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही.

राणीछाप रुपयाचे गणित

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये एकसमान रुपया सुरू केला. त्याचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि त्यात चांदी ९१.७ टक्के. राणीछाप रुपयासह १९३९ पर्यंतच्या रुपयांत हेच प्रमाण राहिले. अधेली ५.८३ ग्रॅमची, तर पावली २.९२ ग्रॅमची. मोठा, जाड रुपया पट्टीच्या अगदी वर दिसतो. पावली व चवली आकाराने लहान असल्याने खाली उतरतात.

१९४० पासून रुपयातील चांदी ५० टक्क्यांवर आली. उरलेल्या भागात तांबे, निकेल व जस्त मिसळले गेले. निकेलमुळे विद्युतवाहकता घटते, म्हणून हा रुपया तेवढ्याच आकाराच्या जुन्या रुपयाहून कमी आकडा देतो. १९४७ चा रुपया तर निकेलचाच असून तो चुंबकाला चिकटतो.

आकडा कोठे फसवितो?

तांब्याची वाहकता चांदीच्या जवळपास असल्याने जुना तांब्याचा पैसा किंवा तांब्याच्या भांड्याचा तुकडाही वरचा आकडा दाखवितो. ॲल्युमिनियमचे मोठे तुकडेही असाच भास निर्माण करतात. नाणे खोल किंवा उभे असल्यास, अथवा शेजारी खिळा असल्यास आकडा घसरतो. उपनगरांत आणखी एक अडचण आहे. अंधेरी-बोरिवलीच्या टेकड्या बेसॉल्टच्या आहेत आणि या खडकातील लोहखनिज यंत्राला गोंधळात टाकते. मुलुंड-घाटकोपरच्या खाडीकाठी खारी, ओली जमीन आणि भरणीतील लोखंडी भंगार हेच काम करतात.

फसवणुकीपासून सावध

'पायाच्या खोदकामात नाणी सापडली' असे सांगून बनावट नाणी विकण्याचा प्रकार जुना आहे. यंत्राचा आकडा हा अशा वेळी पुरावा ठरत नाही. चांदीचा मुलामा दिलेले तांबेही वरचाच आकडा देईल. त्यापेक्षा साधा वजनकाटा उपयोगी पडतो. मूळ रुपयाएवढ्याच आकाराचे पितळी नाणे दहा ग्रॅमही भरत नाही. अस्सल रुपया दोऱ्याने पाण्यात टांगल्यास त्याचे वजन सुमारे १.१३ ग्रॅमने कमी भरते. तेवढ्याच वजनाच्या पितळी नाण्याचे सुमारे १.३७ ग्रॅमने. नाणे घासून चकचकीत करू नये. त्याने त्याचे संग्राह्य मूल्य घटते.

सापडल्यास काय करावे?

साष्टीची भूमी जुन्या नाण्यांना नवी नाही. सहाव्या शतकातील कलचुरी राजा कृष्णराज याची, एका बाजूस राजाचा मुखवटा व दुसऱ्या बाजूस नंदी असलेली छोटी चांदीची नाणी मुंबई व साष्टी बेटांत मिळाली आहेत. पुनर्विकासासाठी जुन्या इमारती पाडून नवे पाये खणले जात असताना पुढील नियम माहीत असणे हिताचे ठरते.

भारतीय निखात निधी कायदा, १८७८ नुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. उपनगर जिल्ह्याचे हे कार्यालय वांद्रे (पूर्व) येथे आहे. चौकशीनंतर ऐवज बेवारस ठरला आणि जागेच्या मालकाचा दावा निर्विवाद असला, तर वेगळा करार नसल्यास शोधणाऱ्यास तीन चतुर्थांश व मालकास एक चतुर्थांश वाटा मिळतो. सरकारला ऐवज हवा असल्यास धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा दिला जातो. माहिती दडविल्यास वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी व मंडपेश्वर ही लेणी केंद्र सरकारची संरक्षित स्मारके आहेत. १९५८ च्या कायद्यानुसार तेथे परवानगीविना उत्खनन करता येत नाही. शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूंत मोडतात आणि १९७२ च्या कायद्यान्वये खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठविता येत नाहीत.

नाण्याचे खरे मोल त्याच्या चांदीपेक्षा ते कोठे, किती खोल व कशासोबत मिळाले यात असते. जागेवरून उचललेले नाणे ती साक्ष गमावते. म्हणून खोदकामात नाणे दिसताच काम थांबवून जागेचे छायाचित्र घ्यावे आणि प्रशासनाला कळवावे.