‘स्पिन्स्टर’ : एका व्यवसायवाचक शब्दाचा अर्थेतिहास

इंग्रजीतील ‘स्पिन्स्टर’ हा शब्द मूळचा सूत कातणाऱ्या स्त्रीचा वाचक. पुढे तो अविवाहित स्त्रीचा, आणि त्याहीपुढे लग्नाचे वय उलटून गेलेल्या, काहीशा उपहासास पात्र ठरलेल्या स्त्रीचा वाचक झाला. ह्या स्थित्यंतराची उपपत्ती सामान्यतः एका वाक्यात दिली जाते : घरातील अविवाहित मुली सूत कातीत, म्हणून कातणारी म्हणजे अविवाहिता. उपपत्ती सोपी आहे, परंतु पुरेशी नाही. मध्ययुगीन इंग्लंडात कातण्याचे काम विवाहिता, विधवा आणि कुमारिका अशा सर्वच स्त्रिया करीत. मग त्यांपैकी एकीलाच हे नाव कायमचे का चिकटले? ह्या प्रश्नाचे उत्तर चरख्यापाशी नव्हे, तर न्यायालयाच्या दप्तरात सापडते.

प्रथम शब्दाची घडण पाहावी. ‘स्पिन्’ ह्या कातणे अर्थाच्या धातूला ‘-स्टर’ हा प्रत्यय लागून हा शब्द सिद्ध झाला आहे. प्राचीन इंग्रजीत ह्या प्रत्ययाचे रूप ‘-एस्ट्रे’ असे होते व तो प्रामुख्याने स्त्रीकर्तृत्वाचा निदर्शक होता : भाजणारी ‘बॅकेस्ट्रे’, विणणारी ‘वेब्बेस्ट्रे’, गाणारी ‘सांगेस्ट्रे’. मराठीतील ‘-ईण’ प्रत्ययाशी त्याची तुलना उद्बोधक ठरते. ‘कुंभारीण’ किंवा ‘तेलीण’ म्हणजे त्या त्या जातीतील स्त्री अथवा त्या व्यावसायिकाची पत्नी; ती स्वतः चाक फिरविते वा घाणा चालविते असे त्या शब्दातून निष्पन्न होतेच असे नाही. ‘-स्टर’चा निर्देश मात्र थेट कामाकडे होता. कालांतराने, विशेषतः उत्तर इंग्लंडात, तो पुरुषांसही लागू लागला. ‘बॅक्स्टर’, ‘वेब्स्टर’, ‘ब्रूस्टर’ ही आडनावे त्याच अवस्थेची स्मारके होत. प्रत्ययातील स्त्रीत्वाची जाणीव पुढे इतकी पुसट झाली की शिवणकाम करणारीसाठी ‘सीम्स्टर’ला पुन्हा एक स्त्रीप्रत्यय जोडून ‘सीम्स्ट्रेस’ असे दुहेरी स्त्रीलिंगी रूप बनवावे लागले. आज ‘-स्टर’ म्हटले की ‘गँगस्टर’ आठवतो. ह्या साऱ्या परिवारात मूळचे स्त्रीत्व अबाधित राखणारा ‘स्पिन्स्टर’ हा जवळजवळ एकटाच शब्द होय.

त्याचा सर्वांत जुना ज्ञात प्रयोग विल्यम लँगलंड ह्याच्या ‘पिअर्स प्लाउमन’ ह्या काव्यात, १३६२ च्या सुमारास, आढळतो. प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. लोभाचे मूर्तिमंत पात्र तेथे आपल्या पापांची कबुली देत असून त्याची पत्नी लोकरी कापड विणणारी आहे. ती कातणाऱ्या स्त्रियांना लोकर देते, परंतु ज्या पौंडाच्या वजनाने मजुरी चुकवते तो खऱ्या पौंडाहून चतुर्थांशाने जड आहे. म्हणजे सव्वा पौंड सूत घेऊन दाम एकाच पौंडाचे. येथे ‘स्पिन्स्टर’ विवाहित की अविवाहित हा प्रश्न कवीच्या मनातही नाही. ती मोलाने काम करणारी, आणि लुबाडली जाणारी, कामकरी स्त्री आहे.

अर्थांतरास कारण झालेली घटना १४१३ सालची. पाचव्या हेन्रीच्या राज्यारोहणाच्या वर्षी झालेल्या एका कायद्याने असे ठरले की, ज्या दाव्यात वा आरोपपत्रात प्रतिवादीस कायद्याच्या संरक्षणाबाहेर घोषित करणे शक्य असेल, त्यात त्याच्या नावापुढे त्याचा दर्जा किंवा व्यवसाय व राहण्याचे ठिकाण नमूद असलेच पाहिजे. नामसादृश्याने भलताच मनुष्य गोवला जाऊ नये हा त्यातील हेतू. पुरुषांच्या बाबतीत अडचण नव्हती : शिंपी, लोहार, शेतकरी, सद्गृहस्थ अशी पदे तयारच होती. स्त्रियांच्या बाबतीत विवाहितेची ओळख पतीच्या नावाने होई, विधवेची मृत पतीच्या नावाने. उरली ती अविवाहिता. तिच्या नावापुढे लिहिण्यास पती नव्हता. म्हणून तेथे व्यवसाय आला, आणि स्त्रीचा व्यवसाय म्हटला की लेखनिकाला कातणेच सुचे. ती स्त्री प्रत्यक्षात दूध विकीत असो वा धुणी धूत असो, शब्द तोच. वर्णन करण्याऐवजी रिकामी जागा भरण्याचे काम शब्दाकडे आले की त्याचा मूळ अर्थ झिजू लागतो.

ही झीज एकाएकी पूर्ण झाली नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या फौजदारी दप्तरांत काही ठिकाणी एकाच स्त्रीस ‘स्पिन्स्टर’ आणि लगेच पुढे ‘अमक्याची पत्नी’ असे म्हटलेले आढळते. पतीच्या समक्ष केलेला गुन्हा त्याच्या दडपणाखाली केला असे मानण्याची जी सवलत विवाहितेस मिळे, ती टाळण्याची ही युक्ती होती असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते हा निव्वळ कारकुनी साचा. मत कोणतेही ग्राह्य धरले, तरी तोवर ‘स्पिन्स्टर’ म्हणजे कुमारिका हे समीकरण सर्वत्र पक्के झालेले नव्हते, एवढे उघड आहे. १६१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉन मिन्शूच्या कोशात मात्र तो अविवाहित स्त्रियांच्या नावास जोडावयाचा कायद्यातील शब्द म्हणून नोंदला गेला. त्याच काळातील विख्यात न्यायपंडित एडवर्ड कोक सांगतो की, कुलीन स्त्रीला दाव्यात ‘स्पिन्स्टर’ म्हटल्यास ती तो दावा तेवढ्या कारणाने रद्द करवून घेऊ शकते. श्रमाचा वास शब्दाला अजून होता, आणि वरच्या वर्गाला तो सहन होत नव्हता.

दोन्ही अर्थ एकत्र नांदल्याचे अखेरचे ठळक उदाहरण हिंदुस्थानच्या व्यापाराशी निगडित आहे. ईस्ट इंडिया कंपनीने आणलेल्या छिटांनी व सुती कापडांनी इंग्रजी लोकरीच्या धंद्यास ग्रासले अशी ओरड १७१९ मध्ये शिगेस पोहोचली होती. लंडनच्या विणकरांनी छिटाचे कपडे घातलेल्या स्त्रियांवर हल्लेही केले. त्या वर्षी रिचर्ड स्टील ह्याने लोकरीच्या उद्योगाच्या समर्थनार्थ जे पत्रक काढले त्याचे नावच ‘द स्पिन्स्टर’. कायद्याने अविवाहित ठरलेली आणि धंद्याने कातणारी अशी दुहेरी भूमिका त्या नावात आहे. १७२१ च्या कायद्याने बहुतेक छिटांच्या वापरावर बंदी आली, परंतु कातणारीचे संरक्षण फार काळ टिकले नाही. आर्कराइटचे यंत्र १७६९ चे, हारग्रीव्ह्जच्या ‘जेनी’चे पेटंट १७७० चे, क्रॉम्प्टनचे ‘म्यूल’ १७७९ चे. सुती धंद्यातील हातकताई त्यानंतर झपाट्याने नष्ट झाली. गिरण्यांत ‘म्यूल’ चालविणारे बहुतांशी पुरुष होते व त्यांना ‘स्पिनर’ म्हणत. पुरुषाच्या वाट्यास व्यवसाय व मजुरी आली. स्त्रीजवळ राहिले ते केवळ नाव.

उपहासाची छटा अठराव्या शतकातच दिसू लागली असली, तरी तिला बळ आले ते ह्या पोकळ झालेल्या शब्दात. १८५१ च्या जनगणनेने लाखो स्त्रिया अविवाहित असल्याचे दाखविले, आणि १८६२ मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेग ह्याने अशा स्त्रिया ‘अतिरिक्त’ का, असा प्रश्न करून त्यांना वसाहतींत पाठविण्याचा उपाय सुचविला. फ्रान्सिस पॉवर कॉब हिने त्याच वर्षी त्याला सडेतोड उत्तर दिले. ह्यातील विसंगती अशी की, १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या कायद्यापूर्वी स्वतःच्या नावाने मालमत्ता धारण करण्याचा व करार करण्याचा जो अधिकार पत्नीस सर्वसाधारणतः नव्हता, तो सज्ञान ‘स्पिन्स्टर’ला पूर्वीपासूनच होता. लोक जिची कीव करीत, ती कायद्याच्या दृष्टीने अधिक स्वतंत्र होती.

हिंदुस्थानात हा शब्द आला तो कायद्याच्या अर्थानेच. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या परिशिष्टात नोटिशीचा जो नमुना भरून दाखविला आहे, त्यात वैवाहिक स्थितीचा रकाना निराळा आहे व व्यवसायाचा निराळा. ‘स्पिन्स्टर’ आहे तो पहिल्यात. इंग्लंड व वेल्समधील विवाहनोंदणीतून डिसेंबर २००५ मध्ये तो काढून टाकण्यात आला. त्याच्या जागी स्त्री व पुरुष दोघांसाठी ‘एकटा’ ह्या अर्थाचे एकच पद योजण्यात आले.