उस्मानाबादी शेळी

मराठवाड्यातील देशी शेळीची एक नामांकित जात. पाळतात ती मुख्यतः मांसासाठी आणि घरापुरत्या दुधासाठी. तिचा मूळ पट्टा धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याचा. लातूर, बीड, परभणी, सोलापूर, अहिल्यानगर आणि लगतच्या कर्नाटक-तेलंगणातही ती आढळते. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले तरी जात जुन्याच नावाने ओळखली जाते.

विलायती कुत्र्या-मांजरांच्या जातींसारखी वंशावळीची वही इथे कोणी ठेवली नाही, की अमुक एकाने ही जात घडवली असे नावही घेता येत नाही. ती घडली ती बालाघाट डोंगररांगेच्या मुरमाड माळावर, जिथे पाऊस बेभरवशाचा. दुष्काळी वर्षी मोठी जनावरे विकावी लागतात, शेळ्या मात्र बोरीबाभळीच्या पाल्यावर, शेंगांवर तग धरतात. ज्या शेळीने अशा चाऱ्यावर जुळी वाढवली, तिची पाठ (मादी करडू) घरी ठेवायची आणि बाकीची बाजारात न्यायची, ही निवड पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ती करणाऱ्यांत भूमिहीन आणि कोरडवाहू घरांतल्या बायका मोठ्या संख्येने आहेत. जातीच्या घडणीचे श्रेय त्यांना क्वचितच दिले जाते. ते द्यायला हवे.

चारांतल्या जवळपास तीन शेळ्या काळ्या असतात. उरलेल्या पांढऱ्या, तपकिरी किंवा ठिपक्यांच्या. बोकड बहुतेक शिंगांचे, माद्यांत मात्र भुंड्याही पुष्कळ. प्रौढ बोकडाचे सरासरी वजन ३४ किलोच्या आणि शेळीचे ३२ किलोच्या आसपास भरते. चांगल्या खुराकावर ते याहून बरेच वाढते. गाभणकाळ पाच महिन्यांचा, दोन वर्षांत साधारण तीन वेते. जुळी नेहमीचीच, कधी तिळीही होतात. दूध दिवसाला अर्धा ते दीड लिटर.

आठवडी बाजारात गिऱ्हाईक आधी खालचा ओठ ओढून दात पाहते. दुधाचे दात पडून पुढचे दोन पक्के दात आले की जनावर ‘दोनदाती’ झाले, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाचे. मग पाठीवर हात दाबून मांस अजमावायचे. बकरी ईदला आणि नवसाच्या जत्रांना बोकडाचा भाव चढतो, आणि जातीचे दुखणेही तिथेच आहे. झपाट्याने वाढणारा बोकड सर्वांत आधी विकला जातो किंवा खच्ची होतो. पैदाशीला उरतो तो मागे राहिलेला. शिवाय एकाच कळपात तोच बोकड वर्षानुवर्षे फिरला की जवळच्या नात्यातच पैदास होते, करडे अशक्त निपजतात.

सुधारणेचे शिस्तशीर काम फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत झाले. अखिल भारतीय समन्वित शेळी सुधार प्रकल्पाच्या तिथल्या केंद्रामार्फत शेतकऱ्यांच्याच कळपांत वजन, दूध आणि जुळ्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. निवडक बोकड आणि गोठवलेल्या रेतमात्रा गावांपर्यंत पोचल्या. याच संस्थेने १९९० च्या दशकात आफ्रिकी बोअर शेळी भारतात आणली. उस्मानाबादीशी झालेला तिचा संकर वजनाला सरस ठरतो, पण त्याला खुराक आणि निगाही अधिक लागते. माळावर चरणाऱ्या चार-दोन शेळ्यांच्या घराला ते परवडत नाही. त्या घरासाठी शुद्ध उस्मानाबादीच सोयीची, आणि त्याला सर्वांत मोठी मदत म्हणजे गावात पैदाशीचा एक निवडक बोकड राखणे व दर दोन वर्षांनी तो शेजारच्या गावाशी बदलणे.