रिकामा खड्डा

१८८१ सालच्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील ब्रेमार या गावी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने सावत्र मुलाच्या करमणुकीच्या निमित्ताने एका काल्पनिक बेटाचा नकाशा रंगविला. त्या नकाशातून ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी जन्मास आली. प्रथम ती मुलांच्या एका साप्ताहिकातून क्रमशः आली आणि १८८३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मुलांची साहसकथा म्हणून ती जगभर वाचली जाते. परंतु तिच्या अंतरंगात द्रव्यलोभाचे विदारक दर्शन आहे.

कप्तान फ्लिंट नावाच्या चाच्याने सात लाख पौंडांची लूट बेटावर पुरलेली असते. पुरण्यासाठी सोबत नेलेल्या सहाही खलाशांना तो ठार करतो आणि त्यांतल्या एकाचे प्रेत दिशा दाखविण्यासाठी आडवे मांडून ठेवतो. माणसाचा देह संपत्तीची खूण होऊन राहतो! लाँग जॉन सिल्व्हरचा पोपट सतत ‘पीसेस ऑफ एट’ असे ओरडतो. ते आठ रिआलचे स्पॅनिश चांदीचे नाणे. या नाण्यालाही इतिहास आहे. १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे चांदीचा डोंगर सापडला. पुढे व्हाइसरॉय तोलेदो याच्या कारकिर्दीत तेथील आदिवासींना पाळीपाळीने खाणीत सक्तीने राबविण्यात आले. स्वतःस कॅथलिक म्हणविणाऱ्या राजसत्तेच्या छत्राखाली हे घडले, हे आपण विसरता कामा नये. चाच्यांचा हात लागण्यापूर्वीच ती चांदी कलंकित झाली होती.

कादंबरीचा कळस मोठा मार्मिक आहे. रक्ताचे पाट वाहवून चाचे नकाशातील जागी पोहोचतात, तो खड्डा रिकामा! बेटावर एकाकी सोडलेल्या बेन गन याने ते धन केव्हाच आपल्या गुहेत हलविलेले असते. पुढे त्याच्या वाट्यास हजार पौंड येतात. ते तो एकोणीस दिवसांत उधळून टाकतो. बेटावर अजून चांदी उरलेली असूनही जिम हॉकिन्सला तेथे परतण्याची इच्छा होत नाही. सुवार्तेतील मूर्ख धनवानाचा दाखला येथे सहज आठवतो.

या पुस्तकाच्या हक्काचे शंभर पौंड मिळाले, तेव्हा स्टीव्हन्सनला मोठा आनंद झाला होता. मात्र पैशाची मर्यादा तो ओळखून होता. मे १८८९ मध्ये तो मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेला. १८७३ पासून तेथे सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगाने महिन्यापूर्वी निवर्तले होते. होनोलुलूच्या रेव्हरंड हाइड यांनी त्यांची निंदा केली, तेव्हा प्रेस्बिटेरियन घराण्यातील या लेखकाने १८९० मध्ये एका खुल्या पत्राद्वारे त्या कॅथलिक धर्मगुरूचा कैवार घेतला. अब्रुनुकसानीचा दावा झाल्यास आपण कफल्लक होऊ, याची त्याला जाणीव होती. तरीही त्याने माघार घेतली नाही. इतकेच नव्हे, तर या पत्राबद्दल एक पैही घेण्यास त्याने प्रकाशकाला नकार कळविला.

२००९ साली ख्रिस्तसभेने फादर डेमियन यांना संत घोषित केले. स्टीव्हन्सनच्या कल्पनेतील बेटावर माणसे संपत्तीसाठी एकमेकांचा जीव घेतात; त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या बेटावर एका माणसाने इतरांसाठी आपला जीव दिला. खरा ठेवा कोठे असतो, हे त्या दुसऱ्या बेटाने त्याला दाखविले.