बिअरची पाटी, साल १९४८

साल १९४८, आषाढ. लोणावळ्याच्या बाजारात एका दारूच्या दुकानाच्या वळचणीला तुम्ही उभे आहात, कारण या पावसात छत्री असून नसल्यासारखीच. स्टेशनात घाट चढून आलेल्या गाडीचं मागचं इंजिन सोडताहेत. समोर भिंतीवर पाटी: निळ्यावर पांढरी अक्षरं, खाली ‘डायर मीकिन ब्रुअरीज’.

बोट फिरवा. प्रत्येक रंगाचा काठ नखाला लागतो. लोखंडी पत्र्यावर काचेची पूड, मग आठशे अंशांच्या आसपास तापलेली भट्टी. त्यावर स्टेन्सिलनं दुसरा रंग, पुन्हा भट्टी. मुलामा मागूनही असतो, नाहीतर भाजताना पत्रा वाकतो. खिळ्याच्या भोकापाशी टवका उडालाय, गंज तेवढाच. बाकी पाटीचं मावळचा पाऊस काही वाकडं करू शकलेला नाही.

नाव ध्यानात ठेवा. डायर कसौलीचा, १८५५ चा. मीकिन मागाहून आला. ब्रह्मदेश वेगळा झाल्यावर १९३७ मध्ये कंपनीची फेररचना झाली, ती या नावानं.

जून १९४९. मुंबई प्रांतात दारूबंदी कायदा लागू झालाय आणि त्याच्या २४ व्या कलमानं दारूची जाहिरात लावणंही गुन्हा ठरलंय. (पुढे १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालय दारूची नुसती वाखाणणी करायला मोकळीक देईल, जाहिरातीला नाही. वकिलांनाच कळावा असा फरक!) गडी शिडीवर चढतो. खालून शेठ ओरडतात, “टाकू नको रे, पत्रा जाड आहे!” पाटी गोठ्याच्या छपरावर जाते, अक्षरं आत करून.

आता आजचा रविवार, पुण्याचा जुना बाजार. “साहेब, ब्रिटिश टाइमची. लोणावळा स्टेशनवरनं काढलीय.” नख फिरवा: सपाट, छापील. चारही कोपऱ्यांत बेतून केल्यासारखा सारखाच गंज. आणि नाव? ‘मोहन मीकिन’. नरेंद्रनाथ मोहन यांनी कंपनी ताब्यात घेतली १९४९ मध्ये, नाव बदललं ते थेट साठच्या दशकात. तोवर इंग्रज केव्हाच गेलेले. भिंतीला शोभा म्हणून हवी तर खुशाल घ्या, पण पत्र्याच्या भावानं. खरी हवी असेल तर कामशेत-वडगावकडे एखादा जुना गोठा पाडत असतील तिथे थांबा आणि मालकाला म्हणा, “दादा, भंगारात घालण्याआधी पत्रे जरा उलटे करून बघू द्या.”